एका बटणाची सवलत

बायको गेली त्याच दिवशी नवा कर आला. दोन्ही गोष्टी मला एकाच बाकावर बसून कळल्या.

दवाखान्याच्या व्हरांड्यात भिंतीला टीव्ही टांगलेला होता. आवाज बंद, नुसती खाली अक्षरं सरकत होती. मी ती वाचत होतो, कारण दुसरीकडे बघायची भीती वाटत होती. 'छोट्या कारागिरांकडच्या वस्तूंवर यापुढे' इथपर्यंत वाचलं आणि डॉक्टर समोर येऊन उभे राहिले. त्यांनी चष्मा काढला. डॉक्टर चष्मा काढून बोलायला लागले की आपण काय ते समजावं. ते बोलले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले. कुठे बघावं ते न कळून मी पुन्हा टीव्हीकडे पाहिलं, तर राहिलेलं वाक्य फिरून आलं होतं: 'किमतीचा पाचवा हिस्सा कर.'

घरी माणसं जमली. आमचं दुकान पुढच्या खोलीत आणि घर मागच्या दोन खोल्यांत, त्यामुळे लोक दुरुस्तीला आलेल्या सोफ्यांवरच बसले. सगळ्यांचे चेहरे उतरलेले. मला भरून आलं. तिला एवढी माणसं मानत होती हे मला माहीत नव्हतं. मग हळूहळू लक्षात आलं, की निम्मे चेहरे तिच्यासाठी उतरलेत आणि निम्मे करासाठी. शेजारचा सलूनवाला माझे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाला, "वाईट झालं हो. फार वाईट. पाचवा हिस्सा म्हणजे काय चेष्टा आहे?"

त्याच्या बायकोनं त्याला कोपरानं ढोसलं, तेव्हा तो म्हणाला, "वहिनींचंही वाईट झालं."

माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, सगळ्यात जास्त रडत होता. तो सरकारी कचेरीत कारकून होता. तो निवृत्त झाला, पण कचेरी त्याच्यातून निवृत्त झाली नाही. कशालाही कायद्याचं कलम सांगतो म्हणून सगळी गल्ली त्याला कलम म्हणते. तो माझ्या गळ्यात पडून म्हणाला, "भाऊजी, ताई आज असती तर आपल्याला एक पैसा कर लागला नसता हो!" आणि मोठ्यानं रडला. तो बहिणीसाठी रडतोय की कशासाठी ते मला कळेना. त्यालाही कळत नसावं.

त्यानं मला सांगितलं ते असं. नव्या कायद्यात कारागिराच्या प्रत्येक वस्तूवर पाचवा हिस्सा कर, आणि हजामतही वस्तूच. तो गिऱ्हाइकानं भरायचा आणि आपण गोळा करून द्यायचा. पण एक सवलत होती. ज्या वस्तूत नवरा आणि बायको दोघांच्या हातचं काम दिसून येईल, ती वस्तू घरगुती समजायची आणि तिला कर माफ. कुणा मोठ्या माणसाच्या मनात आलं असेल, की नवरा-बायकोची छोटी दुकानं जगावीत. विचार चांगलाच होता. फक्त माझ्या घरी तो थोडा उशिरा पोचला.

आमचं काम मी सांगतो. खुर्ची-सोफ्याचं लाकूड माझं आणि कापड तिचं. सांगाडा, पाय, हात, सरस, पॉलिश हे मी करायचो. पट्ट्या ताणणं, स्प्रिंगा बांधणं, काथ्या भरणं, वरचं कापड मढवणं हे सगळं ती. कापड ठोकताना बारीक खिळे ती तोंडात धरायची, एकेक खिळा जिभेनं पुढे आणायची आणि हातोडीला लावायची. तोंडात मूठभर खिळे असतानाही बोलायची. गिऱ्हाइकाला त्यातलं अक्षर कळत नसे. मला सगळं कळायचं, कारण ती बहुतेक मलाच बोलत असायची.

ती जायच्या आधी आम्ही आमच्यासाठी एक खुर्ची करायला घेतली होती. जन्मभर लोकांच्या बुडाची सोय केली आणि घरात बसायला दोन स्टुलं. एक दिवस ती म्हणाली, "आता पुरे. माझी पाठ टेकायला काहीतरी कर." मी सांगाडा केला. तिनं बैठक पूर्ण केली, हात मढवले, पाठीत काथ्या भरून त्यावर गोणपाट ताणलं, वरचं हिरवं कापड एका बाजूनं निम्म्यापर्यंत शिवलं. दाभण तिथेच टोचून ठेवलं. ती खुर्ची दुकानाच्या कोपऱ्यात होती. मी तिच्यावर चादर टाकली नाही आणि तिच्यात बसलोही नाही.

कर लागू झाल्यावर गल्लीत काय काय झालं ते बघण्यासारखं होतं. सलूनवाल्याच्या बायकोनं आयुष्यात कुणाच्या डोक्याला हात लावला नव्हता. आता प्रत्येक गिऱ्हाइकाची शेवटची कात्री ती मारायची. आतून हात पुसत यायची, कानामागचे दोन केस कापायची आणि परत आत जायची. तिला ना केसांची माया ना कानाची. लोक शेवटी डोळे मिटून बसायचे. बेकरीवाल्याची बायको प्रत्येक पावावर अंगठा दाबायची, आणि पाव घेताना लोक अंगठ्याचा खळगा आहे ना ते बघून घ्यायचे. आणि समोरचा कुलूपवाला, पन्नाशीचा ब्रह्मचारी, त्यानं पंधरवड्यात लग्न केलं. मुलगी बघायला गेला तेव्हा म्हणे त्यानं एकच प्रश्न विचारला: "कानस धरता येते का?"

माझं काय झालं ते सरळ आहे. गिऱ्हाईक यायचं, भाव विचारायचं, त्यावर पाचवा हिस्सा ऐकायचं आणि पलीकडच्या गल्लीत जायचं. तिथे एक जोडपं सोफे करायचं. त्यांचं काम असं, की माणूस बसला की सोफा तक्रार करायचा. पण जोडपं ते जोडपं.

मुलीचा फोन यायचा. ती दुसऱ्या शहरात चौथ्या मजल्यावर राहते.

"बाबा, बंद करा आता ते. इकडे या."

"तिकडे येऊन काय करू?"

"आराम करा. गॅलरी आहे. गॅलरीत बसा."

तिच्या गॅलरीत एक माणूस आणि वाळत घातलेला एक टॉवेल एवढंच मावतं. टॉवेल आधीपासून आहे. आणि दुकान बंद करायचं म्हणजे जिथे बायकोचा आवाज मला कुठूनही ऐकू येतो ती एकच जागा बंद करायची. हे मी मुलीला सांगितलं नाही. बघतो म्हणालो.

मग एक दिवस कलम दुकानात फळ्या धुंडाळत बसला होता. बहिणीची आठवण म्हणून काहीतरी नेतो म्हणाला. त्याच्या हाती बिस्किटांचा मोठा डबा लागला. त्यानं झाकण उघडलं आणि डब्याकडे बघतच राहिला.

"भाऊजी, हे काय?"

"बटणं."

सोफ्याच्या पाठीला जी खोल बटणं बसवतात, ती कापडानं मढवावी लागतात. काम कमी असलं की ती उरलेल्या चिंध्यांतून बटणं मढवून ठेवायची. हाताला बसायची सवय नव्हती तिच्या. पण चिंधी हाताला येईल ती, त्यामुळे डब्यात जांभळी, पिवळी, चौकड्यांची, फुलाफुलांची, सगळी मिसळ. कुठल्याही सोफ्याला पुरतील एवढी एका रंगाची बटणं त्यात कधीच नव्हती. मी तिला म्हणायचो, ही कुठे लावणार आहेस? ती खिळ्यांतून म्हणायची, लागतील.

कलम उभा राहिला. "भाऊजी, कायदा काय म्हणतो? दोघांच्या हातचं काम दिसून आलं पाहिजे. कधी केलेलं, ते म्हणत नाही. किती, ते म्हणत नाही. एका खुर्चीला एक बटण लावा!"

"अरे, करड्या खुर्चीला जांभळं बटण?"

"जांभळं तर जांभळं! ताईचं आहे ना?"

मी त्याला उंटावरचा शहाणा म्हणालो. पण दुसऱ्या दिवशी आम्ही करकचेरीत गेलो.

तिथे लोखंडी बाक, भिंतीला लोकांच्या डोक्यांच्या तेलाचे डाग, आणि खिडकीशी एक अधिकारी बाई. समोर ओला स्पंज, त्यावर बोट टेकवून कागद उलटायच्या. त्यांच्या खुर्चीची एक स्प्रिंग सुटून वर आलेली होती. त्या उजवीकडे झुकून बसायच्या, त्यावरून मला दुरूनच कळलं.

"पत्नी तुमच्या दुकानात काम करतात?" त्यांनी विचारलं.

"केलंय," मी म्हणालो. "आता ती नाही. महिना झाला."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग दांपत्य सवलत कशी मागता?"

कलम पुढे झाला. "मॅडम, कलमात 'करते' असं नाही. 'काम दिसून येईल' असं आहे. दिसतंय की नाही बघा!" आणि त्यानं खिशातून जांभळं बटण काढून त्यांच्या टेबलावर ठेवलं.

बाईंनी बटण उचललं, उलटं केलं. मागच्या बाजूला कापडाच्या बारीक चुण्या एकसारख्या गोळा करून टाचलेल्या असतात, त्यांवरून अंगठा फिरवला.

"हे त्यांनी हातानं केलंय?"

"हो."

त्या आत साहेबांकडे गेल्या. बऱ्याच वेळानं आल्या. म्हणाल्या, "सवलत वस्तूला आहे, माणसाला नाही. वस्तू आज जशी आहे तशी बघायची. तिच्यात दोघांचं काम दिसलं तर कर माफ. पण दिसलं पाहिजे. खाली लपवून लावायचं नाही."

उठताना मी म्हणालो, "बाई, डाव्या बाजूची पुढची स्प्रिंग सुटलीय. सांगितलंत तर बांधून देईन."

"सरकारी खुर्ची आहे," त्या म्हणाल्या. "अर्ज करून तीन वर्षं झाली."

आणि दुकान चालायला लागलं. करड्या सोफ्याला बाजारातून आणलेली अकरा करडी बटणं आणि मधोमध एक फुलाफुलांचं. आधी लोक हसले, मग तेच बघायला लागले. गल्लीतला दंतवैद्य दवाखान्यासाठी लांब बाक करून घ्यायला आला, तो आल्या आल्या म्हणाला, "वहिनींचं बटण कुठलं लावताय? मला पिवळं नको, दातांच्या दवाखान्यात पिवळं बरं दिसत नाही." मुलीच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका वाचायला खुर्ची करून घ्यायला आल्या. त्यांनी डब्यात हात घालून चौकड्यांचं निवडलं. म्हणाल्या, "हा तिच्या फ्रॉकचा तुकडा आहे. तुझ्या मुलीच्या. तिसरीत घालायची." मला आठवत नव्हतं. मुख्याध्यापिकांना आठवत होतं.

मला आनंद व्हायला हवा होता. दर वेळी डब्यात हात घातला की तळ थोडा वर आलेला असायचा. मी निजायला जाताना डबा हलवून बघायचो. आवाज मोकळा होत चालला होता.

कलमनं काटकसर सुरू केली. "स्टुलाला अख्खं बटण? वेड लागलंय का भाऊजी? स्टुलाला ताईनं बांधलेल्या दोरीची एक गाठ लावा!" मग त्यानं तिनं केलेल्या पायपिंगचं भेंडोळं काढलं. कापडाच्या कडेला जी दोरीवर मढवलेली पट्टी शिवतात ती पायपिंग. ती तो बोटभर बोटभर कापायला लागला. एका गिऱ्हाइकानं विचारलं, "हे मध्येच असं तुटलेलं का?" कलम म्हणाला, "ही करमुक्तीची खूण आहे." गिऱ्हाईक म्हणालं, "मग अजून बोटभर द्या, शेजारणीनं बघितलं पाहिजे."

मी एकदा स्वतः बटण मढवून बघितलं. दोन दुपारी घालवल्या. ते बटण कमी आणि कुणीतरी चावून टाकलेलं काहीतरी जास्त दिसत होतं. कलमनं ते हातात घेतलं आणि माझ्या खिशात टाकलं.

शेवटी डबा रिकामा झाला. भेंडोळं संपलं. दुकानात दोन सोफे तयार होऊन उभे, आणि लावायला काही नाही. कलम दुकानभर नजर फिरवत होता. ती नजर कुठे जाऊन थांबणार ते मला माहीत होतं.

"भाऊजी," तो म्हणाला, "ती हिरवी खुर्ची."

"नाही."

"ऐका तर. बैठकीत सगळ्या स्प्रिंगा ताईच्या. हातांना पायपिंग आहे. पाठीत काथ्या आहे. उसवली तर वर्षभराची सोय होईल. गोणपाटाचे नुसते चौकोन कापले तरी..."

"ती विकायची नाही."

"विकायची कुठे म्हणतोय? उसवायची!"

"तुझ्या बहिणीची खुर्ची आहे ती."

"म्हणूनच!" त्याचा आवाज चिरकला. "ती गेली तरी दुकान चालवतेय. तुम्ही तिला चालवू देत नाही!"

एवढं मोठं वाक्य तो कलमाशिवाय पहिल्यांदाच बोलला होता. मी त्याला म्हणालो, उद्या बघू.

दुसऱ्या दिवशी मी खुर्ची उजेडात ओढली आणि पातं घेऊन समोर स्टुलावर बसलो. हिशेब सोपा होता. खुर्ची ठेवली तर दुकान जातं. दुकान ठेवलं तर खुर्ची जाते. मी बैठकीच्या कडेचा पहिला टाका पकडला. तिचे टाके कसे उसवायचे ते मला माहीत आहे. चुकलं तर तीच उसवायला लावायची, वर म्हणायची, कापड ओढू नकोस, ते काही तुझं देणं लागत नाही. मी पातं टाक्याखाली घातलं. आणि काढून घेतलं.

मुलीला फोन केला. "येतो मी."

"खरंच, बाबा?"

"एक खुर्ची आणतोय."

"गॅलरीत ठेवू."

"मग मी कुठे बसणार?"

"खुर्चीत, बाबा," ती म्हणाली. तिचा आवाज हसल्यासारखा होता, पण ती हसत नव्हती.

मी दुकानाच्या दारावर पाटी लावली, 'दुकान कायमचं बंद', आणि औजारं तेल लावून गुंडाळायला लागलो. कलम दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी आला तो धावत. पाटी बघून दारातच थबकला, तिच्याकडे बघून हातानं झिडकारल्यासारखं केलं आणि आत आला.

"भाऊजी! सवलत गेली!"

"मला काय त्याचं? मी बंद केलंय."

"दांपत्य सवलत गेली! सगळ्यांची गेली! लोकांनी फार लबाडी केली म्हणे. सलूनवाल्याच्या बायकोनं कुणाचा तरी कान कापला आणि तो माणूस निघाला करखात्यातला." त्यानं दम घेतला. "आता एकहाती सवलत आली. एकट्या माणसावर अन्याय झाला असं वर कुणाच्या तरी लक्षात आलं. ज्या वस्तूत एकाच कारागिराच्या हातचं काम असेल तिला कर नाही. दोघांचं दिसलं की पाचवा हिस्सा. आणि वर्षाच्या सुरुवातीपासून लागू!"

"म्हणजे?"

"म्हणजे आधी विकलेल्या वस्तूंनाही! कायदा मागे चालत जातो, भाऊजी. गिऱ्हाइकानं करखात्याला वस्तू दाखवायची. दोन हात दिसले की भरा."

मी काही बोलणार तेवढ्यात दारावर दंतवैद्य उभा. त्यानं पाटी वाचली, बंद आहे का विचारलं, उत्तराची वाट न बघता आत आला आणि म्हणाला, "काका, वाईट वाटून घेऊ नका, पण वहिनींचं बटण काढा."

दुपारपर्यंत दुकानासमोर रांग लागली. कुणी सोफा हातगाडीवर आणला, कुणी खुर्ची डोक्यावर. जे लोक महिन्याभरापूर्वी बटण वर दिसलंच पाहिजे म्हणून भांडले होते, तेच आता एकही धागा राहता कामा नये म्हणून भांडत होते. पायपिंगचा बोटभर तुकडा जास्त मागून नेणारं गिऱ्हाईक म्हणालं, "तुम्ही मला फसवून दोन बोटं लावलीत!" कलम म्हणाला, "काढायचे पैसे दोन बोटांचे पडतील."

पाटी कुणी काढली ते माहीत नाही. मी काढली नाही.

मी बटणं काढत होतो आणि डब्यात टाकत होतो. पिवळं, जांभळं, फुलाफुलांचं. पहिल्या बटणाचा डब्यात टण्णकन आवाज आला. संध्याकाळपर्यंत तसा आवाज येईनासा झाला. लोक कर चुकवायला आले होते आणि मला वाटत होतं, की हे सगळे माझ्याकडे काहीतरी परत द्यायला आलेत. गाठीही मी जपून सोडवल्या. कलम नाक शिंकरत म्हणाला, "धूळ फार आहे काथ्यात."

गल्लीत पुन्हा सगळं उलटं झालं. सलूनवाल्याची बायको सुटली आणि गिऱ्हाइकांचे कान सुटले. बेकरीवाल्याची बायको मात्र आत जाईना. म्हणाली, अंगठा मारायचा नाही ना, मग गल्ल्यावर बसते. कुलूपवाला माझ्याकडे येऊन कपाळाला हात लावून बसला. "गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं हो. लग्न झालं आणि सवलत गेली."

समोरून त्याच्या बायकोचा आवाज आला, "ऐकू येतंय मला. आणि तुम्ही कालची किल्ली उलटी घासलीय."

तो उठला. "चांगली घासते पण," तो हळूच म्हणाला. "माझ्यापेक्षा बरी." आणि गेला.

मला भेटणारा प्रत्येक माणूस मात्र आता म्हणायचा, "तुमचं बरं झालं." सलूनवाला तर हात हातात घेऊन म्हणाला, "नशीबवान आहात हो!" त्याच्या बायकोनं त्याला ढोसलं. या वेळी त्याला पुढे काय म्हणावं ते सुचलं नाही, म्हणून तो तसाच हात धरून उभा राहिला. बराच वेळ. ते मला बरं वाटलं.

एकच बटण परत आलं नाही. मी निरोप पाठवला तेव्हा मुख्याध्यापिका स्वतः आल्या, खुर्ची न घेता. म्हणाल्या, "मी भरला कर. चौकड्यांचं बटण राहू दे. हवं तर तू ये बघायला."

मग एकहाती दुकानांची तपासणी करायला त्या करकचेरीतल्या अधिकारी बाई आल्या. त्यांनी सगळे सोफे फिरून पाहिले, शिवण पाहिली. ती गेल्यापासून कापडही मीच ठोकतो. खिळे तोंडात धरून बघितले, एक गिळता गिळता राहिला, तेव्हापासून वाटीत ठेवतो. बाई एका सोफ्याची वाकडी शिवण बघून म्हणाल्या, "हे एकहाती आहे यात शंका नाही."

मग त्या हिरव्या खुर्चीसमोर थांबल्या. "आणि ही?"

"हिच्यात दोघांचं काम आहे. ही विकायची नाही."

"न विकलेल्या वस्तूला कर नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी खाली वाकून पाठ बघितली. निम्मं कापड शिवलेलं, निम्मं गोणपाट उघडं, दाभण तसंच. "पूर्ण का करत नाही?"

"पाठ शिवायचं काम तिचं होतं."

"शिकलात ना तुम्ही आता?"

"लोकांच्या सोफ्यापुरतं शिकलोय."

जाताना दाराशी थांबून म्हणाल्या, "पुढच्या वर्षी कायदा परत बदलणार असं म्हणतात. सांभाळून राहा."

"आता काय आणणार आहेत?"

"ते आम्हालाही टीव्हीवरच कळतं," बाई म्हणाल्या.

मुलीला मी सांगितलं, की आत्ता येत नाही, सुट्टीत येईन. ती रागावली, मग म्हणाली, टॉवेल काढून ठेवते. दुकान चालू आहे. रोज काम उरकलं की मी जुन्या गोणपाटावर तिच्यासारखा टाका घालून बघतो. तिचा टाका बाहेरून दिसत नसे. माझा दिसतो, आणि थोडा तिरकाही जातो. कलम म्हणतो, चालेल, आपल्याच घरात तर राहणार आहे. पण ती चालवून घेणारी नव्हती.

खुर्चीची पाठ अजून शिवायची राहिली आहे.